धर्मनीती व आरोग्यसेवा अध्यासन

धर्मनीती व आरोग्यसेवा अध्यासन : जन्म, आजार, उपचार आणि मृत्यू यांविषयी धर्मपरंपरा काय सांगतात आणि रुग्णालयात निर्णय घेताना त्या सांगण्याचे काय करायचे, याच्या अध्यापन-संशोधनासाठी निर्माण केलेले प्राध्यापकपद. ते विद्यापीठात, धर्मशास्त्राच्या विद्यालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात असते. या पदावरील व्यक्ती बहुधा धर्मशास्त्रात किंवा तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केलेली असते, वैद्यकीय डॉक्टर असेलच असे नाही. तरी तिचे काम वर्गापुरते नसते. अतिदक्षता विभागातील फेरी, रुग्णालयाची नैतिकता समिती आणि नातेवाइकांबरोबरच्या बैठका हे त्या कामाचेच भाग. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत, हा विषय वैद्यकीय महाविद्यालयांतील इतर विभागांचे शिक्षक आपापला अभ्यासक्रम सांभाळून शिकवतात. ज्या प्रश्नांसाठी असे पद लागते ते प्रश्न मात्र येथील दवाखान्यांत रोज उभे राहतात.

पूर्वपीठिका

जीव वाचवण्यासाठी किती करायचे आणि कुठे थांबायचे, हा प्रश्न यंत्रांच्या आधीपासूनचा आहे. सोळाव्या शतकात स्पेनमधील फ्रान्सिस्को दे व्हिटोरिया या धर्मशास्त्रज्ञाने माणसावर बंधनकारक असलेले साधारण उपाय आणि बंधनकारक नसलेले असाधारण उपाय यांतील भेदाचा पाया घातला. व्हेंटिलेटर आल्यावर भूलतज्ज्ञांनी हाच प्रश्न पोप बारावे पायस यांच्यापुढे ठेवला. असाधारण उपाय चालूच ठेवले पाहिजेत असे बंधन नाही, असे उत्तर त्यांनी नोव्हेंबर १९५७ मध्ये दिले. १९५९ मध्ये इमॅन्युएल जाकोबोव्हिट्स या रब्बींनी ज्यू परंपरेतील वैद्यकीय नीतीची पद्धतशीर मांडणी केली. १९६२ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलला डायलिसिसची यंत्रे मोजकी आणि रुग्ण पुष्कळ अशी स्थिती झाली. कोणाला यंत्र द्यायचे हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या समितीत एक धर्मगुरूही होता.

प्रिन्स्टनचे प्रोटेस्टंट नीतिशास्त्रज्ञ पॉल रॅम्से यांनी १९६८-६९ च्या सुमारास वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात डॉक्टरांच्या सोबत राहून त्यांचे पेच समजून घेतले आणि मग लिहिले. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण या विषयात जे टिकाऊ काम झाले ते वॉर्डात बसूनच झाले. त्याच विद्यापीठात १९७१ मध्ये केनेडी नीतिशास्त्र संस्था निघाली आणि १९७४ पासून रिचर्ड मॅककॉर्मिक हे जेझुइट धर्मशास्त्रज्ञ तेथे ख्रिस्ती नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते. गंभीर व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळांवर कुठवर उपचार करावेत, यावर त्यांनी त्याच वर्षी डॉक्टरांच्या नियतकालिकात लिहिले. १९७९ नंतर स्वायत्तता, हित, अहित टाळणे आणि न्याय ही चार तत्त्वे जगभर पसरली आणि धर्माची भाषा मागे पडली. ती मांडणाऱ्या दोघांपैकी जेम्स चिल्ड्रेस हे स्वतः धर्म-अध्ययनाचे प्राध्यापक होते, हे सहसा सांगितले जात नाही.

भारतातील स्थिती

भारतातील सरकारी विद्यापीठांत धर्मशास्त्राचे विभाग सहसा नसतात. ते शिक्षण बंगालमधील सेरामपूर किंवा पुण्याचे ज्ञानदीप अशा ख्रिस्ती संस्थांत, तसेच मदरशांत, पाठशाळांत आणि मठांत चालते. वैद्यकीय शिक्षणाचा त्याच्याशी संबंध येत नाही. बंगळुरूचे सेंट जॉन्स किंवा वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही ठळक अपवादांची नावे. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ हा भाग सक्तीचा झाला. न्यायवैद्यक, जनआरोग्य आणि इतर विभागांचे शिक्षक तो घेतात. संमती कशी घ्यावी, वाईट बातमी कशी सांगावी हे मुले शिकतात. घरच्या माणसांनी “आधी देवाला कौल लावतो, मग सही करतो” म्हटले, तर काय करायचे, ते त्यांना पहिल्याच पोस्टिंगमध्ये आपले आपण शोधावे लागते.

२०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नव्या डॉक्टरांसाठी हिपोक्रॅटिसच्या शपथेऐवजी चरकशपथेची शिफारस केली आणि वाद झाला. वाद शपथ कोणाची यावर रंगला, तिच्या आशयाकडे फारसे कोणी वळले नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात शिष्याला दिलेला उपदेश आहे. रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत, हे त्यात आहे. आयुष्य थोडे उरले आहे हे कळले तरी, जिथे सांगितल्याने रुग्णाला किंवा इतर कोणाला अपाय होईल तिथे ते सांगू नये, हेही आहे. यातले दुसरे वचन आजच्या कायद्याशी आणि संमतीच्या कल्पनेशी थेट भिडते. कॅन्सरचा रिपोर्ट हातात घेऊन “आईला काही सांगू नका” म्हणणारा मुलगा जळगावच्या कोणत्याही ऑन्कॉलॉजी ओपीडीबाहेर भेटेल. त्याने चरक वाचलेला नसतो, पण त्याची भूमिका तीच असते. आईला मात्र बहुतेक वेळा सगळे कळलेले असते आणि ती मुलासाठी गप्प राहते. दोघांनी एकमेकांपासून लपवलेली ही एकच गोष्ट मोकळी कशी करावी, याचे उत्तर चार तत्त्वांच्या तक्त्यात नाही. चरकातली अपायाची अट इथे बारकाईने वाचली तर उपयोगी पडते, कारण न सांगण्यानेही अपाय होतो.

खानदेशातील प्रश्न

धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हा साक्री, शिरपूर, शिंदखेड्यापासून सातपुड्यापर्यंतच्या रुग्णांचा मोठा आधार आहे. जळगाव आणि नंदुरबारला शासकीय महाविद्यालये अलीकडे निघाली. अशा रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागाबाहेर एक प्रसंग पुन्हा पुन्हा घडतो. म्हातारा व्हेंटिलेटरवर असतो. सुरतेहून थोरला मुलगा रात्रीच्या गाडीने आलेला असतो. सकाळी भावकी जमते आणि कोणीतरी डॉक्टरांना विचारते, “साहेब, आबाले घर लई जाऊत का?” केसपेपरवर सल्ल्याविरुद्ध नेत असल्याची सही होते, रुग्णालयाच्या बोलीत ‘डामा’ होतो, आणि अ‍ॅम्ब्युलन्समध्ये एक जण हाताने श्वास देण्याचा फुगा दाबत बसतो.

या एका वाक्यात चार वेगवेगळी कारणे असू शकतात. जीव आपल्या ओट्यावर, तुळशीपत्र नि गंगाजल तोंडात पडून जावा ही श्रद्धा असू शकते. वडिलांनी पूर्वी तसे सांगून ठेवलेले असू शकते. आता सुधारणा नाही हे मनाने मान्य केलेले असू शकते. किंवा शेत गहाण पडले आहे आणि बाहेरच्या औषधांचे पैसे संपले आहेत एवढेच असू शकते. पैशाचे कारण सांगायची लाज वाटते म्हणून देवाचे नाव पुढे येते. पहिल्या तीन कारणांचा मान राखायला हवा. चौथ्या कारणावर सरकारी योजना, समाजसेवा अधीक्षक आणि थोडी धडपड हा उपाय आहे. या चारांतले कोणते खरे, हे ओळखायला श्रद्धेची भाषा येणारा आणि नातेवाइकांजवळ अर्धा तास बसू शकणारा माणूस लागतो. धर्मनीतीच्या शिक्षकाची सर्वांत मोठी गरज इथे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणे, मान्य केले. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. त्यानुसार उपचार थांबवण्याचा निर्णय रुग्णालयाच्या प्राथमिक आणि दुय्यम वैद्यकीय मंडळांमार्फत घेता येतो. डामाच्या सहीपेक्षा हा मार्ग रुग्णासाठी कितीतरी बरा, कारण त्यात वेदनाशामक औषध आणि शुश्रूषा सुटत नाही. जैन संथाऱ्याचा, म्हणजे मरण जवळ आल्यावर अन्नपाणी सोडण्याच्या व्रताचा, प्रश्न याला लागून आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये संथारा आत्महत्येच्या कक्षेत आणला आणि त्याच महिन्याअखेर सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. जळगाव, धुळे, अमळनेरच्या व्यापारी पेठांत जैन कुटुंबे जुनी आहेत, त्यामुळे फॅमिली डॉक्टरला हा विषय पुस्तकात वाचून सोडून देता येत नाही.

लहान गोष्टीही तितक्याच खऱ्या. चौविहार पाळणाऱ्या आजी सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेत नाहीत आणि वॉर्डातील रात्रीच्या गोळ्यांची वेळ नऊची असते. सिस्टर गोळी ठेवून जाते, आजी ती उशीखाली सरकवते, सकाळी रक्तदाब चढलेला असतो. औषधाची वेळ सायंकाळी लवकर घेतली किंवा दिवसातून एकदाच घ्यायची गोळी दिली, तर बहुतेकदा प्रश्न सुटतो. खानदेशातला उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. रमजान त्या दिवसांत आला की इन्सुलिनवरच्या रुग्णाला रोजा ठेवू नका असे नुसते सांगून भागत नाही. कुराणातच आजारी माणसाला सूट आहे, नंतर रोजे भरून काढता येतात आणि कायमच्या आजारात फिद्या, म्हणजे रोज्याऐवजी गरिबाला अन्न, देता येतो, हे मौलानांच्या तोंडून आले तर रुग्ण ऐकतो. डॉक्टर आणि मौलाना यांची ओळख रमजानच्या आधी व्हायला हवी.

सातपुड्यातील सिकलसेल

नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा यांच्या वस्त्या अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर भागांत आहेत. सिकलसेल हा येथील रक्तपेशींचा मोठा आनुवंशिक आजार. आई-वडील दोघेही वाहक (आजाराचे जनुक असलेले, पण स्वतः रुग्ण नसलेले) असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के आणि वाहक होण्याची ५० टक्के असते. केंद्राने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले आणि २०४७ हे लक्ष्य ठेवले. तपासणी करून कार्ड देणे ही त्याची मुख्य पद्धत आहे.

कार्ड हातात पडल्यावर प्रश्न सुरू होतात. लग्न जुळवताना ते दाखवायचे का? देज (मुलीच्या घरी द्यायची रक्कम) ठरल्यावर मुलगी वाहक निघाली आणि बोलणी मोडली, तर दोष तिच्यावरच का येतो, मुलाची तपासणी कोणी मागितली का? दोघेही वाहक असल्यास गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानेही हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भाची तपासणी करायला मुभा ठेवली आहे. निदान आल्यावर गर्भ ठेवायचा की नाही, हे कोण ठरवणार? इथे ‘निर्मूलन’ आजाराचे करायचे आहे, आजार घेऊन जगणाऱ्या माणसांचे नाही, एवढे भान समुपदेशकाला ठेवावेच लागते. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे वाक्य आश्रमशाळेत, बाजाराच्या दिवशी, लग्नाच्या बैठकीत सारखे सांगावे लागते.

आजाराचा अर्थ लावण्याचे काम सातपुड्यात आधी बडवा, म्हणजे आदिवासींचा भगत, करतो. देव कोपला का, नवस राहिला का, इंदल (नवसाची पूजा) करायचा का, हे तो सांगतो. सिकलसेलच्या झटक्यात हाडांत-सांध्यांत अचानक उठणारा ठणका डाकिणीच्या माथी मारला गेला, तर एखाद्या बाईचा जीव धोक्यात येतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असे डाकीण ठरवणे गुन्ह्याच्या कक्षेत आणले. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचारापासून अडवून मंत्र, गंडेदोरे करणेही त्यात गुन्हा आहे. पण बडव्याकडे जाणे हा गुन्हा नाही आणि तो आजाऱ्याला देत असलेला धीर खोटा नाही. नाग किंवा मण्यार चावल्यावर सौदा नाही, आधी इंजेक्शन. महिनोन्महिने चालणाऱ्या आजारात मात्र गोळी आणि पूजा दोन्ही चालू राहू शकतात. ही रेषा वस्तीवर जाऊन, बडव्याशी बोलून आखावी लागते. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून बांबूच्या झोळीत रुग्ण खाली आणणाऱ्यांना नुसता अंधश्रद्धेचा दोष देणे अन्यायाचे आहे. दवाखाना लांब असणे हासुद्धा नीतीचाच प्रश्न आहे.

धर्माचा शब्द आरोग्याच्या बाजूने वळू शकतो, याचा दाखला याच मातीत आहे. १९३० च्या दशकात तळोदा भागातील गुलाम महाराजांनी आरतीच्या मेळाव्यांतून भिल्लांना दारू सोडायला आणि स्वच्छ राहायला सांगितले आणि मोठा समाज त्यांच्यामागे गेला.

पदाची जागा आणि पात्रता

या पदाला लागणारी तयारी खानदेशात विखुरलेली आहे. अमळनेरला प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढले. तत्त्वज्ञ जी. आर. मलकानी यांनी तेथे आयुष्य घालवले, तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ तेथे होते आणि साने गुरुजीही अभ्यासाला आले होते. तेथील भर वेदान्तावर राहिला. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिश्चन हॉस्पिटल श्रद्धेतून चालणारी आरोग्यसेवा आदिवासी भागात अनेक दशके देत आले आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावात आहे. तत्त्वज्ञान, रुग्णसेवा आणि विद्यापीठ या तिन्ही गोष्टी शे-दोनशे किलोमीटरच्या आत असून एकमेकींना भेटत नाहीत.

हे पद विद्यापीठाच्या इमारतीत ठेवले तर त्याची व्याख्यानमाला होईल. त्याची खोली धुळे किंवा नंदुरबारच्या शासकीय रुग्णालयात, अतिदक्षता विभागाजवळ हवी आणि वेतन विद्यापीठाने द्यावे. नेमणूक एका धर्माच्या प्रवक्त्याची नसावी. एका परंपरेचा सखोल अभ्यास आणि इतर परंपरांच्या लोकांशी काम केल्याचा अनुभव, या दोन्ही अटी लागतील. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार वैद्यकीय गरज असताना केवळ धर्माच्या कारणावरून गर्भपात, संततिनियमन, नसबंदी किंवा सुंता यांत मदत नाकारता येत नाही. ही मर्यादा पदावरच्या माणसाला मान्य असली पाहिजे. अहिराणी समजणे आवश्यक, पावरी किंवा भिली शिकण्याची तयारी त्याहून आवश्यक. मुलाखतीत प्रबंधाइतकेच वजन एका प्रत्यक्ष बैठकीला द्यावे. उमेदवाराला नातेवाइकांसमोर बसवावे आणि तो किती वेळ ऐकतो, बोलायला केव्हा लागतो, हे निवड समितीने पाहावे.