ईआरपी प्रणाली : घटक, तंत्र आणि बडोद्यातील वापर

ईआरपी म्हणजे एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग. खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, पगार आणि हिशेब ही कामे एकाच डेटाबेसवर चालवणारी संगणक प्रणाली. तिचे मूळ तत्त्व असे की नोंद एकदाच व्हावी आणि जिथे घटना घडते तिथेच व्हावी. फाटकातून माल आत आला आणि स्टोअरकीपरने आवक नोंदवली, की त्याच नोंदीतून साठा वाढतो, खरेदी ऑर्डरीची बाकी कमी होते आणि खतावणीत साठ्याच्या खात्यावर रक्कम नावे पडते. कागदी पद्धतीत बिनकार्ड (कप्प्यातल्या मालाच्या आवक-जावकीचे कार्ड) स्टोअरमध्ये, कीर्द मुनीमाकडे आणि ऑर्डरीची फाइल खरेदी विभागात असायची. तिघांचा ताळा महिनाअखेरीस लागला तर लागला.

बडोद्याच्या मकरपुरा, वाघोडिया, सावली आणि पोर-रमणगामडी या औद्योगिक पट्ट्यांत अभियांत्रिकी, विद्युत उपकरणे, रसायने आणि औषधे यांचे लहान-मध्यम कारखाने दाटीने आहेत. यंत्रे आणि सुटे भाग बनवणारे कारखाने बहुतेक ऑर्डरीप्रमाणे माल करतात आणि टर्निंग, प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट अशी कामे बाहेरून करून घेतात; यालाच जॉबवर्क म्हणतात. म्हणून इथे ईआरपीचे यश हिशेबाच्या मॉड्यूलपेक्षा साठा, साहित्य-यादी आणि जॉबवर्क या तीन ठिकाणी ठरते.

पूर्वपीठिका

साहित्याची गरज संगणकावर काढण्याची एमआरपी (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग) पद्धत अमेरिकेत १९६० च्या दशकात जोसेफ ऑर्लिकी यांनी मांडली. पुढे तिला यंत्रांची क्षमता आणि पैशाचा हिशेब जोडून एमआरपी-२ झाली. ‘ईआरपी’ हे नाव १९९० मध्ये गार्टनर या संस्थेने वापरात आणले. जर्मनीत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या एसएपी या कंपनीने १९९२ मध्ये आर-३ ही प्रणाली आणून हे काम मेनफ्रेम या मोठ्या मध्यवर्ती संगणकावरून क्लायंट-सर्व्हर रचनेवर, म्हणजे सर्व्हर आणि त्याला जोडलेल्या लहान संगणकांवर नेले. भारतात लहान कारखान्यांची सुरुवात बहुधा टॅलीवरच्या हिशेबाने होते. ओडू किंवा मुंबईत घडलेली ईआरपीनेक्स्ट या मुक्तस्रोत प्रणालींमुळे पुढची पायरी खर्चाच्या आवाक्यात आली.

मास्टर आणि एकके

वस्तू, पुरवठादार, ग्राहक, खाती आणि गोडाऊन यांच्या कायमच्या नोंदींना मास्टर म्हणतात. यांतला वस्तूंचा मास्टर सर्वांत अवघड. बडोद्यात एकाच स्टोअरमध्ये इंग्रजी ड्रॉइंग, गुजराती चलन (मालासोबतचा कागद) आणि मराठी बोलणे चालते, त्यामुळे एकच वॉशर ‘वॉशर एम १२’, ‘१२ एमएम वायसर’ आणि ‘प्लेन वॉशर १२’ अशा तीन कोडांत शिरतो. मग एका कोडावर ४०० नग पडून असताना दुसऱ्या कोडावर नवी खरेदी निघते. उपाय म्हणजे नाव ठरावीक क्रमाने लिहिणे : प्रकार, माप, धातू, मानक. आणि नवा कोड उघडण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवणे.

एककाचा गोंधळ त्याहून महाग पडतो. बिडाचे कास्टिंग फाउंड्री किलोने विकते, स्टोअर नगाने मोजते. मास्टरमध्ये एक बॉडी (व्हॉल्व्हचे ओतीव कवच) १८.५ किलो असे रूपांतर असेल आणि प्रत्यक्षात आलेल्या ४० बॉडींचे वजन ७६२ किलो भरले, तर हिशेबाने यायला हवे ७४० किलो. ऑर्डर, आवक आणि बिल यांची तिहेरी जुळवणी इथे २२ किलोंनी अडते आणि बिल रोखले जाते. आवकेच्या वेळी नग आणि प्रत्यक्ष वजन अशी दोन्ही परिमाणे नोंदवण्याची सोय चालू केली, की ही अडचण मुळातून जाते. रूपांतराचा आकडा पुन्हा पुन्हा बदलत बसू नये. त्याने जुन्या नोंदींचा अर्थच बदलतो.

साहित्य-यादी आणि गरजेचा हिशेब

एक तयार नग करायला काय काय किती लागते, याची स्तरांत मांडलेली यादी म्हणजे साहित्य-यादी, अर्थात बीओएम (बिल ऑफ मटेरियल). एमआरपी ही यादी उलगडते, हाती असलेला आणि वाटेत असलेला माल वजा करते, आणि पोचवण्याच्या तारखेपासून मागे मोजत खरेदीच्या तारखा काढते.

समजा, ४० गेट व्हॉल्व्हची ऑर्डर आहे आणि प्रत्येकाला ८ स्टड लागतात. एकूण गरज ३२०. साठ्यात ११० आहेत, पैकी ३० दुसऱ्या ऑर्डरीसाठी राखलेले. म्हणजे उपलब्ध ८०. पुरवठादाराकडून १०० यायचे आहेत. निव्वळ गरज १४०. किमान साठा ४० ठेवायचा असेल तर १८०, आणि पुरवठादार शंभराच्या पटीतच देत असेल तर ऑर्डर २०० ची. बॉडीचे गणित थोडे वेगळे : गरज ४०, हाती ६, म्हणजे ३४ हव्यात, पण मशीनिंगमध्ये ५ टक्के कास्टिंग ब्लोहोलमुळे (ओतकामात आत राहिलेल्या पोकळीमुळे) बाद होत असतील तर ३४ ला ०.९५ ने भागून ३६ मागवाव्या लागतात. फाउंड्रीला २१ दिवस, मशीनिंगला ४, जुळणी आणि दाबचाचणीला ३ धरले, तर कास्टिंगची ऑर्डर माल पोचवण्याच्या किमान २८ दिवस आधी सुटली पाहिजे.

हे गणित प्रणाली क्षणात करते. चुकते ते त्यात भरलेले. ड्रॉइंग बदलले पण बीओएमची नवी आवृत्ती लागू केली नाही, किंवा फाउंड्रीचा कालावधी तीन वर्षांपूर्वीचाच राहिला, की एमआरपी चुकीची यादी काढते, खरेदी विभाग ती बाजूला ठेवून एक्सेलवर परततो आणि प्रणालीत फक्त बिले उरतात. ईआरपी कागदोपत्री चालू असूनही कारखान्यात बंद पडण्याचा हा नेहमीचा मार्ग आहे.

उणे साठा

आवक नोंदवण्याआधीच माल शॉपफ्लोअरवर दिला तर साठा उणे जातो. पुष्कळ जण ‘संध्याकाळी एंट्री करू’ म्हणून ही मुभा चालू ठेवतात. तिची किंमत सरासरी दरात दिसते. १० नग १०० रुपये दराने आहेत, मूल्य १,०००. त्यातून १५ नग दिले : साठा उणे ५, मूल्य उणे ५००. मग २० नग १३० दराने आले, २,६०० रुपयांचे. आता १५ नग आणि मूल्य २,१००, म्हणजे दर १४०. या भावाने कारखान्याने एकही नग घेतलेला नाही! पुढे त्या दराने जितका माल उत्पादनात जाईल तितका प्रत्येक ऑर्डरीचा खर्च चुकीचा निघेल. उणे साठ्याची मुभा बंद ठेवावी आणि आवक फाटकावरच नोंदवावी.

जॉबवर्क आणि कर

बाहेर प्लेटिंगला गेलेला माल कारखान्याचाच राहतो, म्हणून प्रत्येक जॉबवर्करसाठी साठ्यात वेगळे गोडाऊन उघडतात आणि चलनावर माल तिथे हलवतात. जीएसटी कायद्यानुसार कच्चा माल एका वर्षात परत आला नाही तर तो पाठवल्या दिवशीच पुरवला असे धरून कर लागतो; भांडवली वस्तूंना ही मुदत तीन वर्षांची. म्हणून चलनाच्या वयाचा अहवाल दर महिन्याला काढावा लागतो.

वार्षिक उलाढाल ५ कोटींवर गेलेल्या व्यवसायांना १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत ग्राहकांच्या बिलांसाठी ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. ईआरपी बिलाची जेसॉन फाइल सरकारी पोर्टलला पाठवते आणि ६४ अक्षरी संदर्भ क्रमांक व क्यूआर कोड परत घेते. बिल नाकारले जाण्याची कारणे साधी असतात : ग्राहकाचा पिनकोड राज्याशी न जुळणे, जीएसटी क्रमांक रद्द झालेला असणे, बिल क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा होणे. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणारी नोंद १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची आहे आणि ती बंद करता येऊ नये असा नियम आहे.

आतले तंत्र

रचना तीन थरांची असते : वापरणाऱ्याचा ब्राउझर किंवा मोबाइल, नियम चालवणारा ॲप्लिकेशन सर्व्हर, आणि माहिती साठवणारा डेटाबेस. डेटाबेस व्यवहार अखंड ठेवतो. आवकेच्या नोंदीत साठा वाढला पण खतावणीत रक्कम पडण्याआधी वीज गेली, तर दोन्ही मागे घेतले जातात. दोघांनी एकाच वेळी एकाच वस्तूचा साठा बदलू नये म्हणून डेटाबेसमधल्या त्या वस्तूच्या ओळीला तेवढ्यापुरते कुलूप लागते. भर दुपारी कुणी वर्षभराचा जड अहवाल किंवा एमआरपी चालवली की बिलिंग मंदावते, म्हणून ही कामे रात्री लावतात किंवा अहवालांसाठी डेटाबेसची वेगळी प्रत ठेवतात. अधिकार भूमिकेनुसार दिले जातात : पुरवठादाराचे बँक खाते बदलणारा आणि त्याला पैसे सोडणारा एकच माणूस असू नये. जुन्या गुजराती-मराठी फाँटांतली नावे नव्या प्रणालीत आणण्याआधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत, नाहीतर बिलावर अक्षरांचा कचरा छापला जातो.

सर्व्हर कारखान्यातच ठेवायचा असेल तर तळमजल्यावर ठेवू नये. २०१९ आणि २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले होते. बॅकअपची एक प्रत शहराबाहेर हवी, आणि ती दर तीन महिन्यांनी रिकाम्या यंत्रावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर भिस्त ठेवता येत नाही.

चालू करण्याचा दिवस

बहुतेक कारखाने १ एप्रिल निवडतात, कारण सुरुवातीची शिल्लक ताळेबंदातून येते. त्याआधी दोन दिवस मालाची ये-जा थांबवून मोजणी होते : मोजणारे दोघे, लिहिणारा तिसरा, आणि मोजलेल्या रॅकवर चिठ्ठी. अर्धवट झालेल्या नगांची मोजणी हमखास राहून जाते. प्रत्येक अर्धा नग कोणत्या प्रक्रियेवर आहे हे लिहून घ्यावे लागते, नाहीतर पहिल्याच महिन्यात उत्पादनखर्च फुगतो. प्रलंबित ऑर्डरी, न आलेली जॉबवर्क चलने आणि न जुळलेली आगाऊ रक्कम या तीन याद्या वेगळ्या चढवतात. पहिले तीन महिने रोज सकाळी दहा वस्तू निवडून रॅकवरचा साठा पडद्यावरच्या आकड्याशी ताडतात. महागाच्या आणि सतत हलणाऱ्या वस्तू आधी. फरक आला की आकडा दुरुस्त करण्याआधी कोणते चलन, कोणती आवक किंवा उत्पादनाला दिलेला कोणता माल नोंदायचा राहिला ते शोधतात, आणि नोंद त्याच कागदाच्या तारखेने करतात.