वाटलंच होतं मला!

ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याजवळ गहुंज्याला न्यूझीलंडविरुद्धची कसोटी सुरू झाली, तेव्हा संघात वॉशिंग्टन सुंदरचं नाव बघून अनेकांच्या भुवया उंचावल्या. कुलदीप यादवला बसवून ह्याला कशाला घेतलं, असा कट्ट्याकट्ट्यावर सूर होता. त्याच संध्याकाळी सुंदरच्या नावावर ५९ धावांत ७ बळी लागले होते आणि तेच कट्टे सांगत होते, की समोर एवढे डावखुरे म्हटल्यावर ऑफस्पिनर चालणारच, त्यात नवल काय. दोन दिवसांनी सामना ११३ धावांनी हातचा गेला. मिचेल सँटनरने एकट्याने १३ बळी घेतले, मायदेशात सलग १८ मालिका जिंकण्याचा भारताचा क्रम पुण्यात तुटला. २०१२ नंतर पहिल्यांदाच आपण घरच्या मैदानावर मालिका हरलो. मग कळलं, की तेही सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. बंगळूरला ४६ धावांत गुंडाळले गेले तेव्हाच दिसत होतं. कोरडी खेळपट्टी बनवली तेव्हा तर खात्रीच झाली होती.

हा गुण खास पुणेरी आहे असं म्हणायला आम्हाला आवडलं असतं, पण तो माणसाच्या मेंदूचाच आहे, आणि पन्नासएक वर्षांपूर्वी तो मोजलाही गेला आहे.

१९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला आणि नंतर सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर गेले. दौऱ्यात काय होईल याबद्दल जगभर अटकळी चालू होत्या. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या दोन संशोधकांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना काही शक्यता लिहून दिल्या. निक्सन माओंना निदान एकदा तरी भेटतील का, अशा धर्तीच्या. प्रत्येक शक्यतेला शून्य ते शंभर टक्के गुण द्यायचे होते. दौरे आटोपले, बातम्या छापून आल्या, आणि मग त्याच विद्यार्थ्यांना विचारलं: तुम्ही तेव्हा किती टक्के लिहिले होते, आठवून सांगा. जे प्रत्यक्षात घडलं होतं, त्याला आपण तेव्हाच बरेच टक्के दिले होते असं बहुतेकांना आठवलं, प्रत्यक्षात लिहिले होते त्यापेक्षा जास्त. १९७५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मानसशास्त्रात याला हाइंडसाइट बायस म्हणतात.

यात कोणी थापा मारत नव्हतं, ही यातली खरी गंमत. काल काय वाटत होतं हे मेंदू वेगळ्या वहीत लिहून ठेवत नाही. विचारलं की तो आज उपलब्ध असलेल्या माहितीतून कालचं मत नव्याने रचतो, आणि आजच्या माहितीत निकाल आधीच मिसळलेला असतो. निकालाशी जुळणारे तपशील ठळक होतात (डावखुरे, कोरडी खेळपट्टी), न जुळणारे फिके पडतात. त्यामुळे निवड समितीवरचा आपला राग नेहमी रास्त वाटतो. त्यांना जे निकालाआधी ठरवायचं होतं, ते आपण निकालानंतर तपासत असतो.

आता ब्रिजटाऊनला जाऊ. २९ जून २०२४, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या, ६ गडी हातात होते. त्या क्षणी पुण्यात किती जणांना ‘वाटत होतं’ हे ज्याचं त्याने ठरवावं. शेवटच्या षटकात १६ हव्या असताना पहिल्याच चेंडूवर मिलरने उंच फटका मारला, सूर्यकुमार यादवने सीमारेषेपाशी चेंडू पकडला, तोल जाताना हवेत आत उडवला, रेषेपलीकडे जाऊन परत आला आणि झेलला. भारत ७ धावांनी जिंकला, गुडलक चौकात आणि एफसी रोडवर पाय ठेवायला जागा उरली नाही. तिकडे दक्षिण आफ्रिकेचे पाठीराखे तीच चित्रफीत थांबवून थांबवून बघत होते: बूट दोरीला लागला का, सीमारेषेची गादी मागे सरकली होती का. आपल्याला त्याच चित्रफितीत निर्विवाद झेल दिसत होता. त्यांच्यापैकी कित्येकांना षटकार दिसत होता.

ह्या प्रकाराचा सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात मजेदार अभ्यास अमेरिकन फुटबॉलवरचा आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत सामना झाला. धसमुसळा म्हणावा असा. प्रिन्स्टनच्या हुकमी खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला, आणि नंतर दोन्हीकडची विद्यार्थी वृत्तपत्रं एकमेकांवर तुटून पडली. डार्टमथचे आल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि प्रिन्स्टनचे हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी (दोन्ही बाजूंचा एकेक, हे बरं केलं) सामन्याची एकच फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या संघाने केलेले नियमभंग डार्टमथच्या विद्यार्थ्यांना सरासरी ४.३ दिसले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना ९.८ दिसले. फिल्म तीच, आकडा दुपटीहून जास्त.

१९५४ च्या त्यांच्या निबंधात निष्कर्ष असा, की मैदानावर एक ठरावीक सामना घडतो आणि लोक तो नुसता ‘बघतात’ असं नसतंच. प्रत्येक जण आपापल्या बाजूने त्यातला काही भाग उचलतो आणि तोच त्याच्यापुरता सामना होतो. पंचांवर ओरडणाऱ्या काकांना हे सांगून बघायला हरकत नाही, उपयोग होणार नाही.

शरीरही या उद्योगात सामील असतं. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकात ब्राझील-इटली अंतिम सामन्याच्या आधी आणि नंतर पाठीराख्यांच्या लाळेतलं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक मोजलं गेलं. ब्राझीलवाल्यांचं वाढलं होतं, इटलीवाल्यांचं उतरलं होतं. हे सगळे खुर्चीत बसलेले लोक, चेंडूला पाय न लावलेले. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. म्युनिकचा अभ्यास जास्त गंभीर आहे. २००६ च्या विश्वचषकात जर्मनीचा सामना असेल त्या दिवशी त्या परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटनांचं प्रमाण एरवीच्या २.६६ पट झालं, पुरुषांमध्ये तर तिपटीहून जास्त. हृदयाचा त्रास असलेल्या आजोबांना शेवटच्या षटकात टीव्हीसमोरून उठवणारी आजी वैद्यकीयदृष्ट्या बरोबर असते.

आणि विजयाच्या दुसऱ्या दिवशी टपरीवर निळ्या जर्सी वाढतात, त्याचीही नोंद झालेली आहे. रॉबर्ट चिआल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत सोमवारच्या वर्गात किती विद्यार्थी विद्यापीठाचं नाव-चिन्ह असलेले कपडे घालून आलेत हे मोजलं. शनिवारी संघ जिंकलेला असला की ते वाढत.

चित्रपटाची गोष्ट जरा उलटी आहे. तिथे बघताना आपण आश्चर्य वाटावं इतके सारखे असतो. उरी हॅसन या मेंदूशास्त्रज्ञाने प्रेक्षकांना एमआरआय यंत्रात झोपवून चित्रफिती दाखवल्या आणि वेगवेगळ्या मेंदूंतल्या हालचाली एकमेकींवर ठेवून पाहिल्या. हिचकॉकने टीव्हीसाठी केलेली एक गोष्ट बघताना मेंदूच्या बाह्यपटलाच्या ६५ टक्क्यांहून अधिक भागात सगळ्या प्रेक्षकांचे प्रतिसाद एकमेकांसारखे चढत-उतरत होते. एका गाजलेल्या वेस्टर्न चित्रपटाला हा आकडा ४५ टक्के. एका बागेत कॅमेरा नुसता उभा करून घेतलेल्या, न कापलेल्या चित्रणाला ५ टक्क्यांहूनही कमी. लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या संकलनाच्या विद्यार्थ्यांना याचं काही वाटणार नाही. कुठे कापलं की प्रेक्षकाची नजर कुठे जाते, हाच त्यांचा अभ्यास. मात्र हा आकडा दिग्दर्शकाची पकड दाखवतो, चित्रपटाचा दर्जा नव्हे. संथ, मोकळा, प्रत्येकाला वेगळा भिडणारा चित्रपट इथे कमी गुण मिळवेल आणि तरी थोर असू शकेल.

मग अंधारात इतके एकसारखे असलेले पाच जण पार्किंगमध्ये येईपर्यंत पाच वेगळी मतं घेऊन कसे बाहेर पडतात? थोडं श्रेय स्मरणशक्तीच्या आळसाला. बार्बरा फ्रेडरिक्सन आणि डॅनियल कानमन यांनी १९९३ मध्ये लोकांना छोट्या चित्रफिती दाखवल्या, काही सुखद, काही किळसवाण्या, आणि प्रत्येकीच्या आखूड आणि लांब अशा दोन आवृत्त्या. एकूण अनुभव कसा होता यावर लांबीचा परिणाम जेमतेमच झाला. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, यांवरून मत बरंचसं ठरलं. सुट्टीच्या सहलीसारख्या लांबलचक अनुभवांना हा नियम इतका नीट लागू पडत नाही असं नंतर दिसलं. पण मध्यंतरापर्यंत कंटाळलेले लोक शेवटच्या वीस मिनिटांच्या जोरावर ‘भारी आहे’ म्हणत बाहेर येतात, हे सिटी प्राइड चित्रपटगृहाच्या जिन्यात उभं राहून कोणीही पाहू शकेल.

उरलेलं श्रेय इतरांना. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बातम्यांच्या एका संकेतस्थळावरच्या लाखभर प्रतिक्रियांपैकी काहींना संशोधकांनी आपल्याकडून एक खोटी पसंती चिकटवली, काहींना एक खोटी नापसंती. खोटी पसंती पाहून पुढच्या वाचकाने पसंती देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि शेवटचा गुणांक सरासरी २५ टक्क्यांनी फुगला. खोटी नापसंती मात्र पुढच्या लोकांनी दुरुस्त करून टाकली. म्हणजे निंदेला आपण शंका घेतो, स्तुतीला घेत नाही. शुक्रवारी सकाळी पहिल्या खेळाला कोण लोक कौतुक करत सुटतात आणि का, याचा निर्मात्यांना या प्रयोगाच्या आधीपासून अंदाज असावा.

बातमीकडे आलं की हसू थोडं कमी होतं. वाईट बातमी शरीराला जास्त हलवते. १७ देशांतल्या हजाराहून अधिक लोकांच्या त्वचेचे आणि हृदयाचे प्रतिसाद मोजणाऱ्या २०१९ च्या अभ्यासात सरासरी कल तसाच निघाला, अर्थात माणसामाणसांत फरक पुष्कळ होता. खोटी बातमी जास्त पळते: ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ मधल्या बातम्या तपासल्यावर दिसलं, की खोट्या बातम्या पुढे ढकलल्या जाण्याची शक्यता खऱ्यांपेक्षा ७० टक्के अधिक होती. तिथे दोष आपोआप बातम्या पसरवणाऱ्या यांत्रिक खात्यांपेक्षा माणसांचाच जास्त निघाला. खोट्या बातमीत नवलाई असते आणि नवलाई सांगायला आपल्याला आवडते.

पण मला यापेक्षा जास्त विचारात पाडते ती आठवण. जुन्या पुणेकरांना १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर विचारा. कोण कुठे उभं होतं, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, सगळं काल घडल्यासारखं सांगतात. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, अनंत चतुर्दशीची रात्र नुकती सरत होती. तेव्हा आम्ही मिरवणुकीत अमुक चौकात होतो, हे सांगणारे लोक आजही भेटतात. अशा लख्ख आठवणी खऱ्याच असणार असं वाटतं.

उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञालाही तसंच वाटत होतं. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा तो बारा वर्षांचा होता, रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत बसला होता, मधेच बातमी आली आणि तो आईला सांगायला धावला. ही आठवण त्याने कित्येक वर्षं जपली. मग एक दिवस त्याच्या लक्षात आलं, की अमेरिकेत डिसेंबरात बेसबॉल खेळतच नाहीत. पुढे १९८६ मध्ये दोन संशोधकांनी उलगडा सुचवला: त्या दिवशी रेडिओवर फुटबॉलचा सामना होता, न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध ब्रुकलिन डॉजर्स, आणि ही दोन्ही नावं बेसबॉलच्या संघांचीही होती. म्हणजे गाभा बहुधा खरा, खेळ मात्र बदललेला.

त्याच वर्षी २८ जानेवारीला अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाला. दुसऱ्याच सकाळी नायसरने आपल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठे, कोणाकडून कळली. अडीचएक वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. चौथाई विद्यार्थ्यांचा एकही मुख्य तपशील आधीच्या कागदाशी जुळला नाही, आणि तरीही ते ठाम होते. त्यांचाच कागद समोर ठेवला तरी मूळ आठवण परत आली नाही.

बेल्जियमच्या बर्नार रिमे यांचं संशोधन याच्याशी जोडून वाचावंसं वाटतं. भावना हलवणारे ८० ते ९५ टक्के प्रसंग माणसं कोणाला तरी सांगतात, बहुतेक वेळा त्याच दिवशी. सांगितल्याने मन हलकं होतं असं सगळ्यांना वाटतं, पण मोजमाप केल्यावर नुसत्या सांगण्याने भावनेची धार फारशी कमी झालेली दिसली नाही. ऐकणाऱ्याशी जवळीक मात्र वाढते. माझा स्वतःचा कयास असा, की आपलं मत घडतं ते याच सांगण्यात. सामना, सिनेमा किंवा बातमी बघताना शरीर नुसतं उसळत असतं. चौघांपुढे त्याची गोष्ट करताना निकाल आधी ठेवला जातो, आपली बाजू ठरते, शेवट ठळक होतो, ऐकणाऱ्यांच्या माना हलतात ते तपशील पक्के होतात, आणि पुढच्या वेळी तीच गोष्ट आठवण म्हणून बाहेर येते.

हे सगळं वाचून काही सुधारणा होईल का? फिशहॉफने १९७७ मध्ये तेही तपासलं. लोकांना या दोषाची आधी कल्पना दिली, त्यापासून सावध राहा असं बजावलं, तरी फरक पडला नाही. थोडा उपयोग झाला तो दुसऱ्या युक्तीचा: निकाल उलटा लागला असता तर तो कसा लागला असता, हे आधी मांडून पाहायला सांगणं. त्याहून सोपा उपाय चिठ्ठीचा. नाणेफेकीआधी प्रत्येकाने आपले टक्के लिहायचे, चिठ्ठ्या चहावाल्याकडे ठेवायच्या, सामना संपल्यावर मोठ्याने वाचायच्या. पुण्यातल्या कुठल्या कट्ट्यावर हा खेळ एका मालिकेपेक्षा जास्त टिकेल असं मला वाटत नाही. चिठ्ठ्या वाचल्या की निम्म्या लोकांना बोलायला काही उरणार नाही, आणि उरलेले निम्मे म्हणतील की अक्षर त्यांचं नाही.