चालत दुकानात जाता येऊ नये, हे ठरलं कसं?

उपनगरात गाडीशिवाय पान हलत नाही, मग लोक म्हणतात की लोकांनाच गाडी आवडते त्याला काय करणार. पण अमेरिकेतली जुनी उपनगरं ट्रामच्या लाइनीला धरून वाढली होती, स्टॉपवर उतरायचं आणि चालत घरी. ते मोडलं कायद्याने आणि पैशाने. १९२६ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने युक्लिड गावाच्या केसमध्ये झोनिंग मान्य केलं, म्हणजे घरं एकीकडे, दुकानं दुसरीकडे. १९३४ पासून सरकार घरकर्जाला हमी द्यायला लागलं आणि ती जास्त करून नव्या उपनगरांतल्या स्वतंत्र घरांना मिळाली, काळ्या लोकांच्या वस्त्यांना नाकारली, हे विसरून चालणार नाही. मग १९५६ चा हायवे कायदा, ४१,००० मैल रस्ते आणि ९० टक्के खर्च केंद्राचा. इतकं सगळं एका बाजूला ओतल्यावर आवडीचा प्रश्न उरतोच कुठे?

आता नेदरलँड्स. सगळ्यांना वाटतं तिथे पहिल्यापासून सायकलचंच राज्य. सायकली होत्या खऱ्या, पण युद्धानंतर तिथेही गाड्यांसाठी जुन्या वस्त्या पाडल्या, सायकलवाले कमी होत गेले आणि एकट्या १९७१ मध्ये रस्त्यावरच्या अपघातांत ३,००० च्या वर माणसं गेली, त्यात ४०० हून जास्त लहान मुलं. हा आकडा वाचून मला अजून कसंतरी होतं. त्यातूनच 'स्टॉप डे किंडरमोर्ड' म्हणजे 'मुलांचे खून थांबवा' ही चळवळ उभी राहिली, आईबाप रस्त्यावर उतरले, आणि १९७३ च्या तेलटंचाईत सरकारने रविवारी गाड्या बंद ठेवल्या तेव्हा रिकामा रस्ता कसा असतो ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं.

१९७७ मध्ये ग्रोनिंगनने शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले. एका भागातून दुसऱ्यात गाडीने थेट जाता येत नाही, बाहेरच्या रिंगरोडवर जाऊन वळसा घ्यावा लागतो, सायकल मात्र सरळ जाते. व्यापाऱ्यांनी खूप विरोध केला तरी प्लॅन टिकला.

उट्रेख्टजवळचं हाउटन हे उपनगरच आहे, पण ते वाढवतानाच हा विचार केला. गाड्या बाहेरच्या रिंगरोडवरून आत येतात आणि आपल्याच भागात थांबतात, मधून सायकलचे आणि चालायचे रस्ते थेट स्टेशनापर्यंत. बहुतेक शाळा त्याच रस्त्यांच्या कडेला, त्यामुळे पोरं एकटी सायकलवर शाळेत जातात.