इंदुरातलं भौतिकशास्त्र: होळकर कॉलेज ते इंडस-२

एम.एस्सी.नंतर इंदुरातच संशोधन करण्याच्या ज्या वाटा आज दिसतात, त्यांतल्या बहुतेक १९८४नंतरच्या आहेत. होळकर कॉलेज १८९१चं, विद्यापीठ १९६४चं. म्हणजे शिकवण्याची परंपरा जुनी होती. पण घन पदार्थांचा अणूपर्यंत शोध घ्यायचा तर प्रखर क्ष-किरण आणि द्रवरूप हेलियमचं ४.२ केल्विन तापमान लागतं. तो खर्च कुठल्याही एका विभागाला पेलणारा नव्हता.

फेब्रुवारी १९८४मध्ये सुखनिवासजवळ अणुऊर्जा विभागाच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली. पुढे त्याला राजा रामण्णांचं नाव दिलं, तरी इंदूरकर आजही त्याला ‘कॅट’च (मूळ इंग्रजी नावाची आद्याक्षरं) म्हणतात. लेझर आणि त्वरक (विद्युतभारित कणांना वेग देणारी यंत्रं) हे इथले दोन मुख्य विषय. ४५० एमईव्हीचं (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणांच्या ऊर्जेचं एकक) इंडस-१ हे साठवण-वलय, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन फिरवत ठेवून त्यांच्यापासून क्ष-किरणांसारखे प्रखर किरण मिळवणारं कडं, १९९९मध्ये सुरू झालं, मग १७२.५ मीटर परिघाचं इंडस-२ आलं. मायक्रोट्रॉन या पहिल्या त्वरकातून २० एमईव्हीचा इलेक्ट्रॉन निघतो, बूस्टर या दुसऱ्या त्वरकात ५५० एमईव्हीपर्यंत पोहोचतो आणि इंडस-२मध्ये शिरल्यावर त्याची ऊर्जा २.५ जीईव्हीपर्यंत (२,५०० एमईव्ही) वाढवतात. इंडस-१लाही हाच बूस्टर इलेक्ट्रॉन पुरवतो, त्यामुळे तो बंद पडला की दोन्ही वलयांची भरणी अडते.

यंत्रं आली, पण विद्यापीठातल्या मुलांना ती वापरायला मिळाली ती १९८९च्या आंतरविद्यापीठीय संघटनेमुळे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हेच सर्वांत मोलाचं पाऊल. खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारातच असलेली ही संस्था आता यूजीसी-डीएई सीएसआर (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांची वैज्ञानिक संशोधन संघटना) म्हणून ओळखली जाते. ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी, कोलकात्याचा सायक्लोट्रॉन (हाही एक त्वरकच) आणि इंदूरचं इंडस विद्यापीठांतल्या संशोधकांना खुलं करून देणं हा तिचा मूळ हेतू होता.

बीमलाइनवर (वलयातले किरण नमुन्यापर्यंत नेणाऱ्या प्रयोगस्थानावर) वेळ मिळवण्यासाठी आधी प्रस्ताव द्यावा लागतो, आणि मिळालेला वेळ बहुतेकदा नमुन्यामुळे वाया जातो. नमुना एकाच प्रावस्थेचा (एकाच स्फटिकरचनेचा) आहे ना, हे प्रयोगशाळेतल्या साध्या क्ष-किरण विवर्तनावर आधीच तपासून घ्यावं. फोटोइलेक्ट्रॉन मापनात (किरणांमुळे नमुन्यातून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजताना) तर पृष्ठभागावरचे काही नॅनोमीटरच दिसतात. तिथे ऑक्साइडचा थर चढला असेल, तर मोजमाप त्या थराचंच होतं.

इंदूरजवळच्या सिमरोलची आयआयटी २००९मधली. पीएच.डी.साठी नेट, गेट आणि जेस्ट या राष्ट्रीय परीक्षा हे परिचित दरवाजे. गेटचा गुणांक तीन वर्षं चालतो. नेटमध्ये मात्र जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) आणि फक्त व्याख्यातेपदाची पात्रता यांत गल्लत करू नये: २०२३पासूनची महिना ३७,००० रुपयांची फेलोशिप जेआरएफलाच मिळते.