अभाव

अभाव : एखादी गोष्ट एखाद्या ठिकाणी किंवा एखाद्या काळी नसणे. ‘भू’ (असणे, होणे) या धातूपासून झालेल्या ‘भाव’ या शब्दाला नकारार्थी ‘अ’ लागून हा शब्द बनतो. भारतीय दर्शनांत ही एक काटेकोर पारिभाषिक संज्ञा आहे. व्याकरण, कायदा, वैद्यक, संगीत आणि रोजचा घरव्यवहार यांत हीच कल्पना लोप, गैरहजेरी, उणीव, टंचाई, खाडा, वर्ज्य, खाली अशा निरनिराळ्या नावांनी वावरते. ही नावे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दूधवाला आला नाही तर तो दुधाचा खाडा. त्याला ‘दुधाचा अभाव’ कोणी म्हणत नाही. पावसाचा मात्र खाडा होत नाही, पावसात खंड पडतो. काय नाही, ते कुठे असायला हवे होते आणि त्याची वाट कोण पाहत होते, यावर मराठीत शब्द ठरतो. हीच गोष्ट नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, फार पूर्वी तर्काच्या भाषेत मांडून ठेवली आहे.

दर्शनांतील अभाव

कणादांच्या वैशेषिक परंपरेत आरंभी द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय असे सहा पदार्थ, म्हणजे जगातल्या साऱ्या गोष्टींचे मूळ वर्ग, मोजले जात. पुढच्या काळात अभाव हा सातवा पदार्थ म्हणून त्यांच्या पंक्तीला बसला. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या पाठ्यग्रंथात ही सातांची यादी आरंभीच येते. महाराष्ट्रात न्यायशास्त्राशी अनेकांची पहिली भेट याच छोट्या ग्रंथातून झाली. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी टिपांसह संपादित केलेली त्याची आवृत्ती, महादेव राजाराम बोडस यांच्या प्रस्तावनेसह, १८९७ मध्ये मुंबई संस्कृत मालेत निघाली.

‘जमिनीवर घडा नाही’ हे न्यायातले नेहमीचे उदाहरण. यात जो नाही तो घडा म्हणजे अभावाचा ‘प्रतियोगी’, आणि जिथे तो नाही ती जमीन म्हणजे ‘अनुयोगी’. या दोहोंशिवाय अभाव सांगताच येत नाही. कशाचाच नसलेला आणि कुठेच नसलेला असा नुसता अभाव नैयायिकांना मान्य नाही. म्हणून ‘सशाचे शिंग नाही’ या वाक्याचाही ते नीट उलगडा करतात. ससा आहे, शिंगेही जगात आहेत. नाही तो त्या दोहोंचा संबंध.

अभावाचे चार प्रकार सांगितले जातात. घडा घडण्यापूर्वी त्याचा जो अभाव असतो तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण शेवट आहे, कारण घडा तयार झाला की तो संपतो. घडा फुटल्यावरचा अभाव म्हणजे प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, पण शेवट नाही. त्याच मातीचा दुसरा घडा केला तरी तो दुसराच असतो, फुटलेला परत येत नाही. तिन्ही काळी असणारा तो अत्यंताभाव, जसा वायूत रूपाचा, म्हणजे रंगाचा. ‘घडा म्हणजे वस्त्र नव्हे’ असे सांगणारा, दोन वस्तूंच्या एकरूपतेचा अभाव म्हणजे अन्योन्याभाव. या चौघांत पहिल्या दोघांची जोडी विलक्षण आहे. जन्मलेल्या प्रत्येक वस्तूच्या दोन्ही बाजूंना एकेक अभाव पसरलेला असतो, एक मागे न संपणारा आणि एक पुढे न संपणारा. मृत्यूविषयी इतके नेमके आणि इतके संयत विधान दुसऱ्या एखाद्या शास्त्रात क्वचितच सापडेल, आणि तेही मडक्याच्या उदाहरणाने केलेले.

अभाव कळतो कसा, यावर मात्र मोठा वाद झाला. न्यायमतानुसार घड्याचा अभाव डोळ्यांनीच कळतो. कुमारिल भट्टांच्या मीमांसेने त्यासाठी ‘अनुपलब्धि’ (न आढळणे) हे स्वतंत्र, सहावे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले. अद्वैत वेदान्तानेही ते स्वीकारले. मीमांसेतल्याच प्रभाकरांच्या पंथाला हा खटाटोपच मान्य नव्हता. त्यांच्या मते अभाव नावाची वेगळी वस्तू नाही. मोकळी जमीन दिसते, इतकेच. मात्र ज्यांनी अनुपलब्धि मानली त्यांनी तिला एक महत्त्वाची अट घातली, ती योग्यतेची. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे ठरत नाही. जो असता तर दिसलाच असता, तो दिसत नाही, तेव्हाच त्याचा अभाव सिद्ध होतो. ही अट पुढे कायद्याच्या संदर्भात पुन्हा भेटते.

बौद्धांच्या माध्यमिक पंथातील ‘शून्यते’ला पुष्कळदा अभाव समजले जाते. ते बरोबर नाही. वस्तू स्वतःच्या बळावर उभी नसते, तिचे असणे इतर कारणांवर अवलंबून असते, एवढेच शून्यता सांगते. वस्तू नाही असे ती म्हणत नाही.

मराठीतील ‘नाही’, ‘नव्हे’ आणि ‘नसणे’

न्यायातला एक भेद मराठीच्या व्याकरणात जिवंत आहे. ‘इथे घडा नाही’ आणि ‘हा घडा नव्हे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यात एका जागी घडा नसल्याचे सांगितले आहे. दुसऱ्यात समोर वस्तू आहे, पण ती घडा असल्याचे नाकारले आहे. म्हणजे ‘नाही’ने जागेवरचा अभाव सांगितला, ‘नव्हे’ने अन्योन्याभाव. शहरी बोलीत आता दोन्हीकडे ‘नाही’च ऐकू येते, ‘हा माझा नाही’ असे सहज म्हटले जाते, आणि ‘नव्हे’ लिखाणात, ग्रामीण बोलींत आणि ‘नव्हे का?’सारख्या प्रश्नांत उरला आहे. हा शब्द मागे पडणे ही खरी हानी आहे, कारण त्याच्याबरोबर विचाराचा एक बारकावा जातो. प्रागभाव आणि प्रध्वंसाभाव यांनाही मराठीत साधी सोय आहे : ‘अजून नाही’ आणि ‘आता उरले नाही’.

याहून मोठी गोष्ट म्हणजे ‘नसणे’ हे क्रियापद. नकारासाठी वेगळा शब्द जोडण्याऐवजी मराठीने ‘असणे’ला समांतर असे आख्खे क्रियापद उभे केले : नसतो, नव्हता, नसेल, नसावा, नसता, नसून, नसलेला. त्यामुळे न असणे ही एखाद्याने करत राहावी अशी गोष्ट होते. ‘तो संध्याकाळी घरी नसतो’ या वाक्यात त्याचे नसणे त्याच्या सवयीचा भाग आहे. ‘नसती उठाठेव’ या प्रयोगात तर नसणे विशेषण होऊन बसते. ‘असून अडचण, नसून खोळंबा’ ही म्हण याच जोडीवर उभी आहे.

संस्कृत व्याकरणात पाणिनीने ‘अदर्शनं लोपः’ (१.१.६०) असे सूत्र करून न दिसण्यालाच एक संज्ञा दिली. त्यानंतर दोनच सूत्रांनी येणारे ‘प्रत्ययलोपे प्रत्ययलक्षणम्’ सांगते की प्रत्यय लोपला तरी त्याच्यामुळे होणारे कार्य होतेच. जे गेले ते आपले काम मागे ठेवून गेले, असे मानणारे हे व्याकरण आहे.

घरात आणि कामावर

खाडा हा मराठी घरातला अभावाचा सर्वांत कामाचा शब्द. घरकामाला येणाऱ्या बाई, दूध, वर्तमानपत्र, रोजंदारी यांचे खाडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या त्या तारखेच्या चौकोनात खूण करून मांडले जातात आणि महिनाअखेरीस हिशेबात कापले जातात. आलेल्या दिवसाची खूण सहसा कोणी करत नाही. चौकोन कोरा म्हणजे दूध आले. खूण दिसली म्हणजे आले नाही. कचेरीत आणि कारखान्यात हजेरीपटावरचा शब्द गैरहजर (अरबी ‘गैर’ आणि ‘हाजिर’ यांपासून), औपचारिक पत्रात अनुपस्थित, आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी दांडी किंवा बुट्टी. वस्तू एकच, पण दांडी मारणाऱ्याच्या मनात हेतू असतो, खाडा आजारपणानेही पडतो, आणि अनुपस्थितीला कारण विचारले जाईल असे गृहीत असते.

जवळच्या माणसाची समारंभात उणीव भासते, मोठे माणूस गेले की पोकळी निर्माण होते, बाजारात मालाचा तुटवडा, हातात पैशांची चणचण, गावात चांगल्या शिक्षकांची वानवा. ‘ददात’ हा शब्द बहुधा नकारातच भेटतो : ‘त्यांना कशाची ददात नव्हती.’ उणेपणाचा शब्द, आणि तो उरला आहे तो उणे नाही हे सांगण्यापुरता.

काही अभाव मराठी माणूस तोंडाने उच्चारत नाही. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतात. बांगडी किंवा मंगळसूत्र तुटले असे न म्हणता ‘वाढवले’ म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दिव्याच्या बाबतीतही ‘विझवला’ हा शब्द टाळण्याची रीत आहे. संपण्याच्या जागी वाढण्याचे क्रियापद ठेवणे यामागे, बोललेले खरे होते ही धास्ती आहे, आणि ज्यांच्या घरी खरेच पुष्कळ काही उणे होते त्यांनी ती मनापासून जपली.

कायद्यात

दिवाणी दाव्यात वादी गैरहजर राहिला तर दावा काढून टाकता येतो आणि प्रतिवादी गैरहजर राहिला तर तो एकतर्फी चालतो. ही तरतूद १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या नवव्या आदेशात आहे. फौजदारी खटल्यात, फरार झालेल्या उद्घोषित आरोपीवर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवण्याची वाट २०२३च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने खुली केली. संसद सदस्य परवानगीशिवाय सभागृहाच्या सर्व बैठकांना साठ दिवस गैरहजर राहिला तर त्याची जागा रिक्त घोषित करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १०१(४) ने सभागृहाला दिला आहे. विधिमंडळासाठी हाच नियम अनुच्छेद १९०(४) मध्ये आहे.

सर्वांत विचार करण्यासारखा नियम बेपत्ता माणसाचा. १८७२च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १०८ नुसार, एखादी व्यक्ती हयात असती तर जिची खबर ज्यांना स्वाभाविकपणे लागली असती, त्यांना सात वर्षे ती लागली नाही, तर ती व्यक्ती जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. २०२३च्या भारतीय साक्ष अधिनियमाने हा नियम कायम ठेवला. ‘स्वाभाविकपणे लागली असती’ ही अट म्हणजे मीमांसकांची योग्यताच. परक्या माणसाला खबर न लागणे हा अंधारातला घडा. आईला, बायकोला, भावाला न लागणे हा उजेडातला. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ नेही सात वर्षे खबर नसणे हे घटस्फोटाचे कारण मानले आहे. पाण्यात, दरडीखाली किंवा परमुलखात हरवलेल्यांच्या घरांना या सात वर्षांचा अर्थ ठाऊक असतो : विमा, वारसा, सातबाऱ्यावरचे नाव आणि कुंकवाचा प्रश्न, सगळे तेवढा काळ टांगलेले राहते.

महाराष्ट्राच्या कायद्यात एका शब्दाचाही अभाव घडवला गेला. १९६३ मध्ये राज्याने स्वतंत्र अधिनियम करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’, म्हणजे दुष्काळ, हा शब्द काढला आणि त्याजागी ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई, हा शब्द घातला. टंचाई हा वस्तूच्या कमतरतेचा शब्द आहे. दुष्काळ हा काळाचा, म्हणजे सगळ्या जगण्याचा. लोकांनी मात्र आपला शब्द सोडला नाही. १९७२ साली पडला तो आजही बहात्तरचा दुष्काळच. त्याला बहात्तरची टंचाई म्हणणारा माणूस मराठवाड्यात किंवा माणदेशात भेटणार नाही. प्रत्यय लोपला तरी कार्य राहते, याला हे उदाहरण चपखल बसते.

वैद्यकात

नसलेल्या गोष्टीने रोग होतो, हे वैद्यकाला उशिरा पटले. रोग म्हणजे शरीरात काहीतरी शिरले, हीच समजूत दीर्घकाळ होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान यांना दिसले की कोंडा काढलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो आणि कोंड्यासह तांदूळ दिल्यावर तो बरा होतो. त्यांनी आधी तांदळात विष असावे असा तर्क केला. तांदळात काही असल्यामुळे नव्हे, तर काही नसल्यामुळे हे घडते, हे त्यांचे सहकारी खेरिट ग्रीन्स यांनी मांडले. आइकमान यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. जीवनसत्त्वांच्या अभावाने होणाऱ्या अशा रोगांना मराठीत अभावजन्य रोग म्हणतात.

‘ॲबसन्स’ नावाचा अपस्माराचा एक प्रकार मुलांत आढळतो. मूल खाली पडत नाही, झटके देत नाही. काही सेकंद टक लावून बघत राहते, हाकेला ओ देत नाही आणि मग जिथे थांबले तिथून पुढे चालू करते. वर्गात याला लक्ष नसणे समजून मूल बोलणी खाते, म्हणून शिक्षकांना याची माहिती असणे गरजेचे आहे.

संगीतात

हिंदुस्थानी संगीतात अभाव मोजला जातो. तीनतालाच्या सोळा मात्रांत नववी मात्रा ही खाली किंवा काल. तिथे टाळी न देता हात बाजूला नेतात, आणि त्या खंडात डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याचा) घुमारा निघून जातो, ‘धिं’च्या जागी ‘तिं’ येते. संगीत लिहिण्याच्या भातखंडे लिपीत खालीची खूण शून्य आहे. गाणाऱ्याला आपण आवर्तनात कुठे आहोत हे या पोकळ जागेवरून कळते. डग्गा अखंड घुमत राहिला असता तर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, शोधणे कितीतरी अवघड झाले असते.

राग कोणता हे त्यात काय लागत नाही यावरूनही ठरते. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य, मालकंसात रिषभ आणि पंचम. वर्ज्य स्वर आणि सहज न लागलेला स्वर यांत फरक आहे : भूपातला मध्यम गायकाकडे असतो, पण तो घेतला तर भूप राहत नाही. मालकंस मांडायचा असेल तर तयारी तंबोऱ्यापासून सुरू होते. एरवी पंचमावर लावलेली तार उतरवून मध्यमावर आणली जाते, म्हणजे गाणे सुरू होण्याआधीच पंचम त्या बैठकीतून निघून गेलेला असतो.