नाकातला पॉलिप आणि इन्व्हर्टेड पॅपिलोमा: ‘मास’ म्हणून दोन्ही खपतात, ऑपरेशन मात्र वेगळं

“नाकमा मास वाढेल शे” ही तक्रार जळगाव-धुळ्याकडच्या कान-नाक-घसा ओपीडीला नवी नाही. त्यावर डॉक्टर आधी विचारतात ते एवढंच: एकच नाकपुडी बंद आहे की दोन्ही?

दोन्ही असतील तर बहुधा पॉलिप. ही खरी गाठ नव्हेच. ॲलर्जी किंवा सायनसच्या जुनाट दाहानं सुजून लोंबलेलं अस्तर. दुर्बिणीतून सोललेल्या द्राक्षासारखं फिकट दिसतं, सळईनं हलवलं तरी दुखत नाही. वास मात्र जातो: अंगणात काड्यांवर भरिताची वांगी भाजली जात असतात आणि पेशंटला पत्ताच नसतो. आधी स्टिरॉइडचा स्प्रे. त्यानं भागलं नाही तर दुर्बिणीतून पॉलिप काढून सायनसची तोंडं मोकळी करतात. स्प्रे पुढेही चालूच ठेवावा लागतो, कारण दाहाची खोड ऑपरेशननं जात नाही. बरं वाटलं की लोक नेमका तोच बंद करतात.

इन्व्हर्टेड पॅपिलोमा ही मात्र गाठच. कर्करोगाची नव्हे, पण साधी म्हणून सोडून द्यावी अशीही नाही. बहुधा चाळिशीनंतर, पुरुषांत जास्त, आणि सहसा एकाच बाजूला. तिच्या पेशी अस्तराखाली आत वळून वाढतात, शेजारचं हाड दाबून झिजवतात. साधारण शंभरात पाच ते दहा जणांत कर्करोगही सापडतो. म्हणून स्कॅन आणि तुकडा तपासणी आधी. सीटी स्कॅनमध्ये हाड एखाद्या ठिकाणीच जाड दिसलं, तर गाठीचं मूळ बहुधा तिथंच असतं.

ऑपरेशनचा सगळा कस त्या मुळाशी लागतो. नुसतं दिसतं तेवढं मांस ओढून काढलं की गाठ परत येते. मुळाचं अस्तर खरवडून खालचं हाड ड्रिलनं घासावं लागतं. पूर्वी यासाठी नाकाच्या कडेनं चेहऱ्यावर चीर द्यायचे, आता बहुतेकदा नाकपुडीतूनच भागतं. मूळ कपाळाच्या सायनसमध्ये दूरवर असेल तर अजूनही बाहेरून जावं लागू शकतं.

एकच नाकपुडी बंद म्हणजे पॅपिलोमाच, असंही नाही. तरुण पोरांत सायनसमधून निघून घशाकडे लोंबणारा एकटा पॉलिपही असतो. पण वयात येणाऱ्या मुलाचा घोळणा वारंवार फुटत असेल तर अँजिओफायब्रोमाची शंका घ्यायची. ती गाठ रक्तानं इतकी भरलेली असते की ओपीडीत तिचा तुकडा काढायचाच नाही.

एका बाजूचं मांस काढलं असेल तर ते पॅथॉलॉजीला गेलं का, हे विचारून घ्या. पॅपिलोमा निघाला तर काही वर्षं दुर्बिणीची तपासणी चुकवू नका, आणि पुढे नाशिक-पुण्याला दाखवायची वेळ आली तर जुना रिपोर्ट नि स्कॅनची सीडी सोबत न्या.