सीमाभागातील भाषिक हक्क : घटना आणि कारभार

राज्यघटनेने भाषिक अल्पसंख्याकांना दिलेली हमी आणि बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील सरकारी कचेऱ्यांची वहिवाट यांत १९५६ पासून राहिलेली तफावत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमाभागातील मराठी भाषिक हा दिवस ‘काळा दिन’ म्हणून पाळतात. सातवी घटनादुरुस्तीही त्याच दिवशी अमलात आली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचे कलम ३५०-अ आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याचे कलम ३५०-ब त्याच दुरुस्तीने आले.

त्याआधीपासून असलेले कलम ३५० जास्त बोलके आहे. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क ते देते. उत्तर कोणत्या भाषेत मिळावे, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. मराठीतून दिलेल्या अर्जाला तहसीलदार कचेरीतून कन्नडमध्ये उत्तर आले, तर कलमाचा भंग झाला असे म्हणता येत नाही. कचेरी कन्नडला राजभाषा ठरवणाऱ्या कर्नाटकाच्या १९६३ च्या राजभाषा कायद्यावर बोट ठेवते. जमिनीचा उताराही कन्नडमध्येच निघतो. तो वाचून घ्यायला खानापूरकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला कोणाची तरी मनधरणी करावी लागते.

अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्क्यांवर असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, असे केंद्र आणि राज्यांत ठरले होते. खानापूर तालुक्यात तर मराठी भाषिक बहुसंख्य आहेत. पण असा समझोता म्हणजे कायदा नव्हे. ३५०-ब खालचे आयुक्त राष्ट्रपतींना अहवाल देतात, तो संसदेपुढे ठेवला जातो. तहसीलदाराला आदेश देण्याचा अधिकार त्यांना नाही. म्हणून ‘घटना पायदळी तुडवली’ ही सभेतली घोषणा अर्धीच खरी वाटते. हमी दिल्लीने दिली, अंमलबजावणी मात्र बंगळूरकडे राहिली. कलम ३४७ एखाद्या भाषेला अधिकृत मान्यता द्यावी असा निर्देश राज्याला देण्याची मुभा राष्ट्रपतींना देते, पण तीही मुभाच.

प्राथमिक शाळांपुरती हमी बऱ्यापैकी टिकली. बेळगावात सरकारी मराठी शाळा आहेत, तशा महाराष्ट्रात जत-अक्कलकोटला कन्नड शाळा आहेत.

महाराष्ट्राने २००४ मध्ये कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा सीमेचा आहे, कचेरीतल्या भाषेचा नाही. सीमा कुठेही ठरली तरी तिच्या दोन्ही बाजूंना भाषिक अल्पसंख्याक उरणारच, आणि त्यांच्या हाती हीच कलमे असतील.